कड्यावरची शिंदळ माकुडी

राजुऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवताना उंच डोंगरावरच्या झाडाचं उदाहरण द्यायचं म्हटलं की माझी पंचाईत होते. आमचा माणिकगड जेमतेम पाचशे मीटरचा, आणि त्या भागातला चुनखडीचा दगड सिमेंटच्या कारखान्यांत चाललेला. मग मी मुलांना थेट सह्याद्रीच्या कड्यावर नेतो, शिंदळ माकुडीपाशी.

ही आपल्या रुईच्याच कुळातली. बोटाएवढं जाड, रसाळ, लोंबतं खोड. पावसाळ्यात त्याला पानं फुटतात आणि पाऊस ओसरू लागला की गडद तांबडी, पिवळ्या नक्षीची, पाच कोनांची फुलं येतात. वास मात्र कुजका. तिला फुलपाखरं नकोत, माशा हव्यात. उन्हाळ्यात पानं झडतात आणि खोड पोटात पाणी धरून तग धरतं. १८६०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेल यांनी तिची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून 'फ्रेरिया इंडिका' असं नाव ठेवलं. गव्हर्नरसाहेबांना वासाची कल्पना होती की नाही, कोण जाणे! रानात ती उगवते ती फक्त महाराष्ट्रात, शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड, महाबळेश्वर अशा मोजक्या ठिकाणी.

"सर, कड्याला लोंबणाऱ्या झाडाला कसली भीती?" हा प्रश्न दरवर्षी येतो. मला वाटतं, शेळीचं तोंड पोचत नाही तिथंच ती उरली आहे. खोड कोवळं, रसरशीत. गुरं खातात, गुराखीही खातात. वर वणवा, दरड, दगडाची खाण. खाणीचं आमच्या मुलांना समजवावं लागत नाही, सास्तीची कोळसा खाण त्यांच्या तालुक्यातच आहे. शिवाय तिची वंशवाढ मंद. रुईसारख्याच शेंगा, बियांना रेशमी झुपका, वारा त्या कुठंही नेतो. पण फुलांच्या मानानं शेंगा फार थोड्या धरतात, आणि त्यातलं बी मातीच्या नेमक्या फटीत पडावं लागतं.

१९८०च्या दशकात जगातल्या सर्वाधिक संकटग्रस्त बारा वनस्पतींत तिची गणना झाली होती. आता परदेशातले हौशी लोक तिला कुंडीत वाढवतात, कारण फांदी तोडून लावली की ती सहज मुळं धरते. म्हणून ती वाचली असं मी मानत नाही. एका झाडाच्या शंभर फांद्या म्हणजे वंशाच्या हिशेबानं एकच झाड. एक रोग आला की सगळ्या सारख्याच बळी पडायच्या. वेगवेगळ्या कड्यांवरचं बी वाढवून तिथंच परत लावणं, हेच खरं काम.

गडांची साफसफाई करणाऱ्या तरुणांना माझं एक सांगणं आहे. तटाखालचा कडा मोकळा करण्याआधी पावसाळ्यात एकदा जाणकाराला दाखवून खुणा करून घ्या. श्रमदान बहुधा उन्हाळ्यात होतं, आणि तेव्हा बिनपानांची माकुडी ओळखूच येत नाही.