कळंबचं आकाश आणि उडत्या टॅक्सीच्या गप्पा

कर्जत–मुरबाड रस्त्यावरचं कळंब आणि नवी मुंबईचा नवा विमानतळ यांच्यामध्ये माथेरानचा डोंगर आडवा पसरलेला आहे. 25 डिसेंबर 2025 रोजी या विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली आणि जमिनीच्या भावांसोबत कर्जत-खालापुरातल्या गप्पाही वर चढल्या. उद्या उडती टॅक्सी डोंगर ओलांडून थेट विमानतळावर सोडणार, परवा विमानं बॅटरीवर चालणार, वगैरे. यातलं काहीच निव्वळ थाप नाही, पण बरंचसं अर्धवट आहे.

उडती टॅक्सी खरोखर आहे. चीनमधल्या ईहँग कंपनीच्या दोन आसनी, वैमानिकाविना उडणाऱ्या यानाला तिथल्या नियामकाने ऑक्टोबर 2023 मध्ये प्रमाणपत्र दिलं. दुसरीकडे, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवासी नेण्याची स्वप्नं दाखवणारी जर्मनीची व्होलोकॉप्टर त्याच वर्षअखेरीस दिवाळखोरीत गेली. पैशाचा प्रश्न कधीतरी सुटेल. या भागातला खरा अडसर पावसाळ्याचा आहे.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावासाठी हेलिकॉप्टरं सज्ज ठेवली होती, पण खराब हवामानात ती उडू शकली नाहीत. जवान आणि ट्रेकर चिखलातली पायवाट तुडवत वर गेले आणि यंत्रं पोचत नसल्याने ढिगारा हातांनी उपसावा लागला. अनुभवी वैमानिकांची दणकट हेलिकॉप्टरं जिथे थांबतात, तिथे त्याच ढगांत आणि घाटातल्या वाऱ्यात बॅटरीवरचं हलकं यान रोज वेळापत्रकानुसार ये-जा करील, असं मानणं भाबडेपणाचं आहे. विमानतळाकडे जाण्यासाठी कर्जतकरांना अधिक उपयोगी पडणारी गोष्ट जुन्याच जातकुळीची आहे: पनवेल–कर्जत हा सुमारे 30 किलोमीटरचा उपनगरी रेल्वेमार्ग आणि त्यावरचा अडीच किलोमीटरहून लांब वावर्ले बोगदा.

मोटार बॅटरीवर धावते, तर विमान का उडणार नाही? उडतं की. पिपिस्ट्रेल कंपनीच्या ‘वेलिस इलेक्ट्रो’ला जून 2020 मध्ये युरोपात प्रमाणपत्र मिळालं. त्यात माणसं दोन बसतात आणि ते तासाभराच्या आतच उतरवावं लागतं. कारण वजनात आहे. विमानाच्या एक किलो इंधनात साधारण 12 युनिट ऊर्जा असते, तर एक किलो लिथियम-आयन बॅटरीत जेमतेम पाव युनिट. विजेची मोटर ऊर्जा कमी वाया घालवते हे धरूनही तफावत प्रचंड राहते. शिवाय इंधन जळेल तसं विमान हलकं होतं. संपलेली बॅटरी मात्र उतरेपर्यंत तेवढीच जड. हायड्रोजन वजनाला हलका, पण तो द्रवरूपात ठेवायला उणे 253 अंश सेल्सिअस आणि अवाढव्य टाक्या लागतात. एअरबसने हायड्रोजन विमानासाठी 2035 हे साल जाहीर केलं होतं. 2025 मध्ये तो बेत पुढे ढकलला.

याउलट, शेतातल्या मालावर विमान उडतं हे ऐकून जो तो हसतो, आणि नेमकं तेच घडून गेलं आहे. 19 मे 2023 रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअरएशिया इंडियाच्या प्रवासी विमानात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने उसाच्या मळीपासून बनवलेलं इंधन मिसळलं होतं. प्रमाण एक टक्क्याच्या आसपास, हेही सांगायला हवं. प्राजच्याच तंत्रावर पानिपतला 2022 पासून भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा कारखाना उभा आहे आणि इथेनॉलपासून पुढे विमानाचं इंधन करता येतं. मग कर्जतच्या भातखाचरांतला पेंढा? पंजाब-हरियाणात तो शेतातच जाळला जातो म्हणून कारखान्याला मिळतो. इथे त्यावर पहिला हक्क गुरांचा, आणि तुकड्या-तुकड्यांच्या खाचरांतून तो गोळा करण्याचा खर्चही मोठा. असं इंधन धूर सोडत नाही हाही गैरसमजच. कार्बन डायऑक्साइड निघतोच, फक्त तो पिकाने आधी हवेतूनच घेतलेला असतो.

विमानं दिवसेंदिवस वेगवान होतायत, हा समज एका परिच्छेदातच निकालात निघतो. एअर इंडियाने 1960 मध्ये आणलेलं बोइंग 707 आणि आजचं 787 यांचा वेग जवळपास सारखाच, ताशी 900 किलोमीटरच्या आगेमागे. सुधारणा झाली ती इंधनाच्या बचतीत आणि आवाजात.

आभाळात उंचावरून जाणाऱ्या विमानामागची पांढरी रेघही धुराची नसते. इंजिनातून निघालेली वाफ कडाक्याच्या थंडीत गोठते, तिच्या हिमकणांची ती रेघ. पसरून टिकली तर ती जमिनीची उष्णता अडवते, म्हणून अशा रेघा टाळणारे मार्ग आखण्याचे प्रयोग सुरू आहेत.

राहिला ड्रोन. लग्नाच्या शूटिंगपुरतंच त्याचं काम, असं समजणाऱ्यांनी पालघरकडे पाहावं. डिसेंबर 2021 मध्ये जव्हारहून झाप गावाला कोविड लशीचे 300 डोस ड्रोनने पोचवले गेले. वीसेक किलोमीटरचं ते अंतर त्याने दहा मिनिटांच्या आत कापलं.