झाकणे आणि काठी

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मोबील शहरात हँक अॅरन (जन्म १९३४) यांचे बालपण गरिबीत गेले. बेसबॉलचे साहित्य घेणे परवडत नसे. म्हणून ते काठीने बाटल्यांची झाकणे टोलवीत. हवेत भरकटणाऱ्या त्या इवल्याशा झाकणांनी त्यांची नजर घडवली, तीही प्रशिक्षकाविना! चूक दाखवणारे मात्र कोणी नव्हते. उजव्या बाजूने खेळत असूनही डावा हात वर धरण्याची उलटी पकड अंगवळणी पडली व व्यावसायिक खेळात उतरल्यावरच सुटली. पुढे १९७४ मध्ये त्यांनी बेब रूथ यांचा ७१४ होमरनचा विक्रम मोडला; कारकिर्दीअखेर ते ७५५ वर पोहोचले.

पालकांनी मुलांना झाकणे खुशाल टोलवू द्यावीत. पहिल्या दिवशी पकड तेवढी पाहावी : उजव्या बाजूने खेळणाऱ्याचा उजवा हात वर हवा.