संगणक मेला नाही, विसरला आहे

माझ्या नांदगावच्या घरी 2009 साली घेतलेला एक संगणक आहे. विंडोज एक्सपीवर चालतो, इंटरनेटला जोडलेला नाही. पण माझ्या अनेक वर्षांच्या कविता त्यात आहेत, त्याही जुन्या मराठी फाँटमध्ये. ते सॉफ्टवेअर नसेल तर अक्षरांच्या जागी निरर्थक खुणा दिसतात. आणि ते सॉफ्टवेअर चालते ते मागे प्रिंटरच्या पोर्टाला लावलेल्या छोट्या 'लॉक'मुळे. दुसरी प्रत काढून ठेवण्याचे शहाणपण मला सुचले नव्हते.

एका सकाळी काळ्या पडद्यावर 'सीमॉस चेकसम एरर' ही ओळ उमटली. एफ-वन दाबले, तर निळा पडदा. पुन्हा सुरू केले, पुन्हा तेच. दुरुस्तीवाल्याने निकाल दिला, "फॉरमॅट मारावा लागेल." म्हणजे सगळे पुसायचे! तेवढ्यात मालेगावहून भाचा आला. म्हणाला, "मामू, थांबा. मशीन मेलं नाही, विसरलंय."

काय विसरले होते? संगणक सुरू होताच विंडोजच्या आधी 'बायोस' नावाची छोटी आज्ञावली जागी होते. डिस्क कशी वाचायची, कोणते पोर्ट चालू ठेवायचे, हे ती ठरवते. त्यासाठी आपण निवडलेली सेटिंग्ज आणि घड्याळाची वेळ 'सीमॉस' या स्मृतीत असते. 1984 च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये ही स्मृती अवघी 64 बाइटची होती. युनिकोड देवनागरीत तेवढ्यात जेमतेम 21 चिन्हे मावतील. ओवीसुद्धा पुरी होणार नाही.

वीज नसताना ही स्मृती जपते ती मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर 2032, तीन व्होल्टची. भिंतीवरचे बटण चालू असेल तर बॅटरीवर भार पडत नाही. पण ज्या गावांनी तासन्‌तास भारनियमन सोसले, जिथे झोपताना मेन बटण बंद करण्याची सवय आहे, तिथे ती लवकर थकते. ती संपली की बायोस कारखान्यातल्या मूळ सेटिंग्जवर जातो आणि तारीख कित्येक वर्षे मागे पडते. इंटरनेट असलेल्या संगणकावर मग सुरक्षित संकेतस्थळेही उघडेनाशी होतात.

उपाय असा. प्लग काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा आणि बॅटरी बदला. अधिक चिन्हाची बाजू वर. संगणक सुरू करताच डिलीट किंवा एफ-टू दाबत राहा. निळा-करडा तक्ता उघडेल. आधी तारीख-वेळ लावा.

मग डिस्कचे सेटिंग पाहा. तिथे 'आयडीई' आणि 'एएचसीआय' असे पर्याय असतात. एक्सपी ज्या पर्यायावर बसवले, तोच हवा. बदलला की निळा पडदा. आमचा 'एएचसीआय'वर गेला होता. 'आयडीई' केले, एफ-टेन दाबून जतन केले आणि विंडोज उघडले!

पण लॉक ओळखला जाईना. 'इंटिग्रेटेड पेरिफेरल्स'मध्ये प्रिंटर पोर्टाची ओळच दिसत नव्हती. काही सेटिंग्ज अशी दडलेली असतात. कधी पासवर्ड दिल्यावर दिसतात, कधी दुसरा पर्याय चालू केल्यावर. गिगाबाइटच्या अनेक जुन्या मदरबोर्डांवर मुख्य तक्त्यात कंट्रोल आणि एफ-वन एकत्र दाबले की लपलेल्या ओळी उघडतात. आमच्याकडे हीच युक्ती लागू पडली. बंद झालेले पोर्ट चालू केले आणि कविता पडद्यावर आल्या.

काही पथ्ये सांगतो. काहीही बदलण्यापूर्वी प्रत्येक तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढा. एका वेळी एकच बदल करा. व्होल्टेज आणि प्रोसेसरच्या वेगाला हात लावू नका. बायोस नव्याने भरण्याच्या फंदात पडू नका. मध्येच वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. आणि कोणी फॉरमॅट म्हणाला, तर आधी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा आणि फायली उतरवून घ्या.

त्याच दिवशी मी कवितांच्या दोन प्रती पेनड्राइव्हवर घेतल्या, एक कागदावर छापली. भाच्याने सगळी सेटिंग्ज एका चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली. पुढच्या वेळी बॅटरी संपली, तरी ती चिठ्ठी विसरणार नाही.