कर्णाचे कवच

गॅदरिंगचे दिवस आले की आमच्या पवनारच्या घरात खळीचा आणि पुठ्ठ्याचा वास भरून राहत असे. चित्रकला शिक्षक म्हणून मी ३४ वर्षे नोकरी केली. त्यात मुलांना चित्रकला किती आली हे देव जाणे. पण मुकुट, ढाली, गदा आणि चिलखते मात्र मोजदाद राहू नये इतकी केली. अफझलखानाच्या भेटीचा प्रवेश तर एक वर्षाआड ठरलेलाच. जाड पुठ्ठा, कटर, लोखंडी पट्टी, आतून रद्दी कागदाचे थर आणि वरून रुपेरी बेगड, एवढ्या भांडवलावर आमचे शस्त्रागार चाले. कातरीने उजव्या अंगठ्याच्या मुळाशी पाडलेला घट्टा अजून आहे.

घट्टा राहिला, हात मात्र पहिल्यासारखा राहिला नाही. काही वर्षांपूर्वी कंप सुरू झाला. एका संध्याकाळी चिलखताची छाती कापताना कटर पट्टीवरून घसरला आणि डाव्या तर्जनीला चार टाके पडले. त्या दिवशी कटरचा डबा माळ्यावर गेला. त्या वर्षी शाळेने ड्रेपरी भाड्याने आणली. मोठ्या माणसाच्या मापाचे ते चिलखत महाराज झालेल्या पोराच्या गुडघ्यापर्यंत आले. प्रेक्षक हसले. पोरगा विंगेत जाऊन रडला. मी पहिल्या रांगेत बसलो होतो.

गेल्या दिवाळीला पुण्याची भाची आली ती एक खोके घेऊनच. आत होते घरगुती कागद कापण्याचे यंत्र. दिसायला प्रिंटरसारखे, पण शाईच्या जागी एक इवलेसे पाते. चिकट चटईवर कागद बसवायचा, चटई यंत्राच्या तोंडात द्यायची, आणि संगणकाने दाखवलेल्या रेघेवरून ते पाते निमूटपणे फिरते. ही यंत्रे मुळात शुभेच्छापत्रे, नावांचे स्टिकर आणि शोभेची फुले करणाऱ्यांसाठी निघाली. सोंगे घेणाऱ्या तरुणांनी ती चिलखतांना जुंपली. जपानमध्ये ‘पेपाकुरा’ नावाचा एक प्रोग्रॅम आहे. तो संगणकातला भरीव आकार घेऊन त्याचे सपाट तुकडे पाडून देतो. त्यावरून आयर्न मॅनचे चिलखत आणि व्हिडिओ गेममधल्या सैनिकांची शिरस्त्राणे जगभरची पोरे कागदातून उभी करतात. आपल्याकडे २०११ साली दिल्लीत पहिले कॉमिक कॉन भरले, पुढे मुंबईतही भरू लागले. तिथे असली मंडळी नटूनथटून येतात. भाची त्यांच्यातलीच. पगारातून वीस हजारांवर रुपये घालून तिने हे यंत्र घेतले होते. ‘मामा, तुमचा हात थरथरतो ना, याचा नाही थरथरत,’ असे म्हणून ती ते माझ्याकडे ठेवून गेली.

भरीव वस्तू सपाट कागदात उलगडण्याची ही विद्या तशी नवी नाही. जर्मन चित्रकार ड्यूररने १५२५ सालच्या आपल्या भूमितीच्या पुस्तकात घनाकृती उलगडून दाखवल्या आहेत. आणि आपल्याकडे ज्याने लहानपणी चौकोन-त्रिकोण जोडून आकाशकंदील केला त्याला ती न शिकताच आलेली असते. अडचण एवढीच, की कागद एका वेळी एकाच दिशेने वळतो. त्याची नळी होते, कोन होतो. घागर होत नाही. माणसाची छाती आणि खांदे हे घागरीच्या जातीचे. म्हणून प्रोग्रॅम त्या गोलाईचे लहान लहान त्रिकोण पाडतो, ते पट्ट्यांनी मांडतो, कडेला चिकटवायची पाळी ठेवतो आणि प्रत्येक पाळीला आकडा देतो. चौदाची पाळी चौदाला. माझ्या पहिल्या छातीचे असे ५८ तुकडे झाले, अकरा पाने भरून.

पहिली छाती वाया गेली. छापताना ‘पानात बसवा’ या खुणेवर माझे लक्ष नव्हते. प्रिंटरने सगळे किंचित लहान केले, आणि यंत्र आपले मूळ मापाने कापत बसले. एकही कड छापील रेघेवर आली नाही. दुसऱ्या दिवशी यंत्र कापायलाच तयार होईना. पानाच्या कोपऱ्यांत काळ्या खुणा असतात, त्या वाचून ते आपली जागा ठरवते. मी हौसेने ओसरीत उजेडाला बसलो होतो आणि तो उजेडच त्याच्या डोळ्यावर येत होता. पडदा ओढला, तेव्हा खुणा दिसल्या. शिवाय आमचा मुलूख कापसाचा. वेचणीच्या दिवसांत हवेत तंतू उडत असतात, ते त्या चिकट चटईवर बसतात आणि कागद सुटू लागतो. कोमट पाणी आणि थोडा साबण लावून धुतली की चटई पुन्हा धरते. हे कुठल्या माहितीपुस्तकात नव्हते, चार पाने फाटल्यावर कळले.

यंदा शाळेने कर्णाचा प्रवेश घेतला होता. वनपर्वातली ती गोष्ट आपल्याला ठाऊक आहे : ब्राह्मणाच्या वेषात इंद्र येतो, जन्मजात कवचकुंडले मागतो, सूर्याने आधीच सावध केलेले असूनही कर्ण ती अंगावरून कापून देतो. कवच हवे होते सातवीतल्या एका काटकुळ्या मुलासाठी. मोठ्या माणसाचा आकार नुसता लहान करून चालत नाही. छाती बसली तर मान अडकते. तेव्हा त्याला उभे करून टेप लावला आणि रुंदी, उंची, गळा वेगवेगळे धरले. यंत्र एकेका पानाला सात-आठ मिनिटे घेत होते. मी आणि चार-पाच पोरे भोवती बसून पाहत होतो. त्यातली एक मुलगी मध्येच म्हणाली, ‘सर, हे मशीनच कापून राह्यलं, तर मंग आमी काय करू?’

मला उत्तर सुचले नाही. पवनारमध्ये बसून हा प्रश्न झटकून टाकणे सोपे नाही. धाम नदीच्या काठावर विनोबा १९३८ पासून राहिले. त्यांनी यंत्रांची फोड केली होती. वेळ वाचवणारी ती समयसाधक, मारणारी ती संहारक आणि वस्तू निर्माण करणारी ती उत्पादक. त्या उत्पादकांतही माणसाच्या हाताला पूरक कोणते आणि मारक कोणते, हे बघायचे. गांधीजींनी १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना सिंगरचे शिवणयंत्र अपवाद म्हणून बाजूला काढले होते, कारण बायकोचे टाके घालण्याचे कष्ट पाहून सिंगरने ते केले अशी त्यांची समजूत होती. माझ्या थरथरत्या हाताला हे यंत्र पूरक, यात शंका नाही. पण त्या मुलीचा हात थरथरत नव्हता. तिच्या बोटांना कातर धरायला शिकवायचे माझे काम मी त्या खोक्याला देऊन मोकळा झालो होतो का? खरे सांगायचे तर थोडासा झालो होतो.

कापून झाल्यावर मात्र यंत्राचे काम संपते. घडीच्या रेघा दोन जातींच्या, डोंगर आणि दरी; एक उलटी पडली तर छातीला खड्डा. कुठली पाळी आधी चिकटवायची हे यंत्र सांगत नाही. आत हात जात नाही अशी शेवटची फट कशी बंद करायची, तेही नाही. ते पोरांनी केले, भांडत भांडत. परदेशात असल्या चिलखतांना आतून रेझिन लावून कडक करतात. त्याचा वास उग्र आणि तो छातीत जाणे बरे नव्हे. आम्ही आपली मैद्याची खळ शिजवली, कीड लागू नये म्हणून मेथीची पूड घातली, आणि हातकागदाच्या पट्ट्यांचे तीन थर दिले. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली ग्रामोद्योग संघ आला, तेव्हापासून हातकागद इथला घरचा. तो यंत्रातही घालून पाहिला. त्याचे लांब तंतू पात्याला ओढत नेतात, कड पिंजते. यंत्राला गिरणीचाच कागद लागतो.

आता कवच उतरवायचे कसे? मी कडेला चिकटपट्ट्या लावणार होतो. तीच मुलगी म्हणाली, ‘कापून देते ना कर्ण? मंग फाटू द्या ना!’ घडीच्या रेघेवर यंत्र तुटक छिद्रे पाडते हे तिने पाहून ठेवले होते. पोस्टाच्या तिकिटासारखी दोन्ही कुशींना तशी रेघ ठेवायची, तेवढ्या जागेला आतून थर द्यायचा नाही.

मी नाही म्हणालो. केलेली वस्तू फाडायची ही कल्पनाच मला सोसेना. माझी जुनी चिलखते अजून खुंटीला आहेत. दोन-दोन आठवडे राबून केलेले कोण फाडील? पण कुशीच्या पट्ट्या पुन्हा कापायला यंत्राला आता अर्धा तास पुरणार होता. रात्री हे लक्षात आले आणि सकाळी मी तिला बोलावणे धाडले.

पहिल्या तालमीत पोराने सूर्याला अर्घ्य द्यायला वाकून श्वास घेतला आणि कवच आपसूक दुभंगले. तीन मिलिमीटर काप आणि एक मिलिमीटर जोड, हे प्रमाण चुकले होते. दोनास एक केले, तरी नमस्कारात गेले. दोनास दोन ठेवले तेव्हा टिकले. या सगळ्या खटपटीत पट्ट्या जोडायचे काम मुलीने स्वतःकडे घेतले. आणि शेवटच्या पट्टीची वळणदार टोके यंत्राला नीट साधेनात, तेव्हा माळ्यावरचा कटर खाली आला. पट्टी मी दाबून धरली, कापले तिने.

गॅदरिंगच्या रात्री इंद्राने हात पसरला. कर्णाने बेगड लावलेली लाकडी कट्यार कुशीवरून फिरवली, बोटे खुपसली आणि ओढले. मागच्या रांगेपर्यंत टर्रकन आवाज गेला. मंडपातली कुजबुज थांबली. दुसरी कुस फाटली तेव्हा पुढच्या रांगेतली एक आजी ‘अरे, अरे’ म्हणाली. पोरगा उघडा, हडकुळा, हातात ते सोनेरी पोकळ कवच धरून उभा होता, आणि या वेळी कोणी हसले नाही.

पडदा पडल्यावर मुलगी विंगेतून धावत आली. तालुक्याला आठ दिवसांनी पुन्हा प्रयोग होता. ‘सर, चटई धुवून ठेवू का?’