नडगी सांभाळा, मग लाथ मारा!

लाथांचा सराव करायचाय? केळ चालेल, माड नको! थायलंडचे जुने मुए थाई खेळाडू केळीच्या बुंध्यावर लाथा मारून नडग्या तयार करत. केळीचा बुंधा लाकडाचा नसतोच. पाण्याने भरलेल्या सोपटांची ती घट्ट गुंडाळी, म्हणून पायाचा मार सोसते. हळूहळू ताण वाढवला तर हाड मजबूत होतं, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. पण त्याला वर्षं लागतात. मालवण-कुडाळात कराटे शिकणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला शिनगार्डच हवं.

नडगीच एवढी का दुखते? पुढच्या बाजूला मांस जवळजवळ नाहीच, कातडीखाली थेट हाड! जपानच्या नागिनाता या खेळात तर नडगीवर मारलेल्या फटक्याला गुण मिळतो, त्यामुळे तिथे नडगीला कवच बांधूनच उतरतात.

आता आपल्या माडाचा पराक्रम ऐका. प्रशांत महासागरातल्या किरिबाटी बेटांवरचे योद्धे काथ्याचं चिलखत घालत. अंगावर काथ्याचं जाड कवच, आत काथ्याचीच विणलेली विजार, डोक्यावर काटेरी केंड माशाच्या कातडीचं शिरस्त्राण! समोरच्याच्या हातात शार्कचे दात ओवलेली तलवार असे, म्हणून हा बंदोबस्त. अशी चिलखतं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काथ्या वळणाऱ्या आपल्या किनाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं.

फुटबॉलमधलं शिनगार्ड आलं क्रिकेटमधून. नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या सॅम विडोसनने १८७४ मध्ये क्रिकेटचे पॅड कापून ते पायांना बांधले.

आणि पट्ट्याचं वेल्क्रो? स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्रालला ते सुचलं कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून. पावसाळ्यानंतर सड्यावरून फिरून आलात तर कपड्यांना चिकटलेली कुसळं काढताना त्याची आठवण ठेवा. मात्र वेल्क्रोत वाळू शिरली की पकड सुटते, तेव्हा चिवला किनाऱ्याच्या वाळूत सराव केल्यावर ते दाताच्या जुन्या ब्रशने झाडाच.

खरेदीला जाताना आधी खेळ बघा. तायक्वांदोत शिनगार्ड विजारीच्या आत जातं, ते पातळ हवं. तिथे घोट्याच्या खालच्या पावलाने मारलेलीच लाथ गुणाला धरतात, नडगीचं कवच फक्त बचावासाठी. किकबॉक्सिंगला जाड, पट्ट्यांचं आणि पावलाचा वरचा भाग झाकणारं घ्या. धरपकड असलेल्या एमएमएला मोज्यासारखं चढवायचं बरं, कारण जमिनीवर लोळताना पट्टे सरकतात.

आपल्याकडे खरा शत्रू दमट हवा. चामड्याचं शिनगार्ड जून ते सप्टेंबर बॅगेत कोंबून ठेवलंत तर त्याला बुरशी धरलीच म्हणून समजा. मी इथल्या मुलांसाठी ईव्हीए फोमचंच सुचवेन. हा फोम रबरी वाटणाऱ्या हलक्या चपलांतही असतो आणि पाणी पीत नाही. वरचं कापड मात्र घाम पितं, म्हणून सराव संपला की पुसून पंख्याखाली वाळवा. दुसऱ्याचं ओलं शिनगार्ड चढवू नका, नायटा असाच पसरतो.

आईबाबांनो, गणवेशासारखं "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठं घेऊ नका. सैल शिनगार्ड ऐन लाथेच्या वेळी फिरतं आणि हाड उघडं पडतं. गुडघ्याच्या वाटीखालपासून घोट्याच्या वळणापर्यंत टेपने मापा, दुकानातच पोराला घालून उड्या मारायला लावा. जागचं हललं तर परत द्या.