डेंपो खाली गेला तो हंगाम

११ जानेवारी २०१५ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर डेंपो स्पोर्ट्‌स क्लब फेडरेशन कपचा अंतिम सामना खेळत होता. बेंगळुरू एफसीने तो २-१ असा जिंकला. डेंपोला हळहळ वाटली असेल, पण देशातल्या पहिल्या दोन संघांत आपली गणना अजून होते, एवढे समाधान तरी गाठीशी होते. मे महिना सरला तेव्हा हाच संघ आय-लीगमधून बाहेर फेकला गेला होता आणि दुसऱ्या विभागात जाणार होता. पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवलेला, शेवटचे तर अवघ्या तीन वर्षांपूर्वी मिळवलेला क्लब एका हंगामात असा घसरला. गोव्याच्या फुटबॉलच्या ऱ्हासाची कथा सांगताना बहुतेक जण सुरुवात याच हंगामापासून करतात. मला ती जागा चुकीची वाटते. त्या वर्षीच्या भारतीय फुटबॉलमध्ये जे काही रीतसर घडले, त्यात डेंपोची पदावनती सर्वांत वर ठेवावी लागेल. क्लबचे आणि गोव्याचे खरे नुकसान त्यानंतरच्या वर्षी झाले, आणि ते मैदानावर झाले नाही.

आधी क्लबची उंची लक्षात घ्यायला हवी, म्हणजे घसरणीचे माप कळेल. पणजीच्या डेंपो उद्योगघराण्याने चालवलेला हा क्लब. खाण, जहाजबांधणी आणि ‘नवहिंद टाइम्स’, ‘नवप्रभा’ ही वृत्तपत्रे असा या घराण्याचा तेव्हाचा विस्तार. क्लबने मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स कप जिंकून पूर्वीच नाव कमावले होते; पण त्याचे खरे पर्व आर्मांदो कुलासो यांच्या हाती २००० साली संघ आला तेव्हा सुरू झाले. कुलासो गोव्याचेच, आणि त्यांच्या संघाचा कणाही गोव्याचा होता: महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा. त्यावर दोन-चार परदेशी खेळाडूंची कलमे, आणि ती बहुधा उत्तम निवडलेली. ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध संघाचे दोन्ही गोल करून मैदानावरच कोसळला आणि गेला. क्लबने त्याची १० क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. त्याच हंगामात डेंपोने पहिली राष्ट्रीय लीग जिंकली. पुढे २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. यातल्या शेवटच्या हंगामात नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सने एकट्याने ३२ गोल केले. दरम्यान २००८ साली संघ एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला होता. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांपैकी आठ विजेतेपदे गोव्यात आली, त्यातली पाच एकट्या डेंपोची. उरलेले एक मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचे. कोलकात्याकडे त्या नऊ वर्षांत एकही गेले नाही, ही गोष्ट बंगालबाहेर फारशी कोणी सांगत नाही आणि बंगालमध्ये तर कोणीच नाही.

मग हा संघ घसरला कसा? कुलासो २०१३ मध्ये गेले. तेरा वर्षे एकाच माणसाच्या नजरेने घडलेला संघ आधी ऑस्ट्रेलियाच्या आर्थर पापास यांच्याकडे आणि मग इंग्लंडच्या ट्रेव्हर मॉर्गन यांच्याकडे गेला. मार्टिन्स आधीच गेला होता. जुनी फळी तिशी ओलांडत होती. एवढ्याने संघ मधल्या क्रमांकावर येतो, तळाला जात नाही. तळाला जाण्यासाठी २०१४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली इंडियन सुपर लीग कारणीभूत ठरली. क्लबचे खेळाडू ऑक्टोबर ते डिसेंबर वेगवेगळ्या नव्या संघांकडून खेळले, तिथून थेट फेडरेशन कपमध्ये आले आणि जानेवारीच्या मध्यात आय-लीगला उभे राहिले. संघ म्हणून एकत्र सराव करण्याचा काळच उरला नाही. मंदार राव देसाई, रोमियो फर्नांडिस ही डेंपोत वाढलेली मुले या नव्या लीगमधल्या एफसी गोवाच्या रंगात चमकली. रोमियो तर २०१५ च्या सुरुवातीलाच ब्राझीलच्या अ‍ॅथलेटिको पॅरानेन्सेकडे गेला. गोव्याला त्याचा अभिमान वाटला आणि तो रास्तच होता, पण डेंपोच्या आक्रमणातून एक धावता पाय कमी झाला. वीस सामन्यांची छोटी लीग आणि अकरा संघ, अशा स्पर्धेत दोन महिने अडखळणे परवडत नाही. इतर क्लबांनाही हेच वेळापत्रक होते, हे खरे. म्हणूनच डेंपोच्या वतीने ‘अन्याय झाला’ असे म्हणण्याला मी तयार नाही. संघ वाईट खेळला आणि खाली गेला, हिशेब चोख होता.

चोख म्हटले खरे, पण इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. त्या हंगामात तळाला डेंपो नव्हता. शेवटचा क्रमांक पुण्याच्या भारत एफसीचा होता. कल्याणी समूहाचा हा संघ बोली लावून थेट वरच्या विभागात आला होता आणि अशा संघांना पदावनतीपासून सूट होती. म्हणजे शेवटचा सुटला, शेवटून दुसरा गेला. नियम इतका सोयीचा असेल तर त्याचे गुणगान कशाला? पण हा आक्षेप नियमावर नाही, सवलतीवर आहे, आणि सवलतीने कोणाचे भले केले हे पाहायला फार थांबावे लागले नाही. भारत एफसी त्याच वर्षी बंद पडला. पुढच्या हंगामात, २०१५-१६ मध्ये, हीच गोष्ट अक्षरशः पुन्हा घडली: तळाला पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स, त्यालाही सूट, आणि त्याच्या जागी मिझोरमचा आयझॉल एफसी खाली. पैसा आणणाऱ्याला घसरण्याची भीती नको, म्हणजे तो टिकेल, असा त्या सवलतीमागचा विचार होता. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर लीगमध्ये दिसला नाही.

आयझॉलचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, तरी या संदर्भात पुन्हा सांगण्यासारखे आहे. २०१६ मध्ये गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडल्याने जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला परत वर घेतले गेले. प्रशिक्षक म्हणून खालिद जमील आले, ज्यांना सात वर्षांनंतर मुंबई एफसीने नुकतेच मोकळे केले होते. ३० एप्रिल २०१७ ला आयझॉल ३७ गुणांनी देशाचा विजेता झाला, मोहन बागान ३६ वर राहिला. आणि त्याच हंगामात तळाला जाऊन खाली गेलेला संघ कोणता? मुंबई एफसी. नाटककाराने लिहिले असते तर आपण ओढूनताणून आणलेला योगायोग म्हणून नाके मुरडली असती. पण यातून एक साधी गोष्ट दिसते. घसरलेला क्लब मेलेला नसतो. आयझॉलच्या पाठीशी आख्खे शहर होते, स्थानिक खेळाडू होते, खाली जाणे हा त्यांच्यासाठी अपमान होता आणि वर येणे हे काम होते. मुंबई एफसी खाली गेला आणि बंद झाला, कारण दुसऱ्या विभागात खेळण्यात मालकांना काही अर्थ दिसला नाही.

डेंपोने यातला पहिला मार्ग धरला होता. २०१५ मध्ये खाली गेलेल्या संघाने क्लब गुंडाळला नाही. दुसऱ्या विभागात, जिथे प्रेक्षक नाहीत, दूरचित्रवाणी नाही आणि प्रवास मात्र तितकाच लांबचा, तिथे तो खेळला आणि २०१५-१६ ची दुसऱ्या विभागाची स्पर्धा जिंकून एका वर्षात परत वर येण्याचा हक्क कमावला. पदावनतीच्या व्यवस्थेकडून याहून जास्त काय अपेक्षा करायची? मोठा क्लब सुस्तावला, त्याला शिक्षा झाली, त्याने कंबर कसली, तो परतला. पण परतायचे कुठे, हाच प्रश्न तोवर बदलला होता. २०१६ च्या मे महिन्यात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नवी रचना मांडली: सर्वांत वर इंडियन सुपर लीग, जिथे जागा विकत घ्यायची आणि तिथून कोणी खाली जाणार नाही, त्याखाली आय-लीग, नवे नाव घेऊन. म्हणजे डेंपोने घाम गाळून जी पायरी परत मिळवली, तिच्या डोक्यावर एक मजला चढवून जिना काढून घेतला. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा त्याच वर्षी लीगमधून बाहेर पडले. डेंपोनेही मिळवलेली बढती सोडून दिली. जवळपास दहा वर्षे देशावर राज्य केलेल्या गोव्याची जुनी घराणी अशी एका वर्षात राष्ट्रीय लीगमधून गेली, आणि त्यातला एकही क्लब त्या वेळी हरून गेला नाही.

गोव्यात यावर एक ठरलेले उत्तर मिळते: खाणी बंद पडल्या, पैसा आटला, बाकी सगळी सारवासारव. २०१२ च्या सप्टेंबरात शाह आयोगाच्या अहवालानंतर खाणकाम थांबले आणि गोव्याच्या अर्थव्यवस्थेला त्याचा जबर फटका बसला, यात वाद नाही. खाणीच्या उत्पन्नावर उभ्या असलेल्या क्लबांनाही तो बसलाच असणार. पण डेंपो घराण्याने आपला खाणव्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवाला विकला होता. खाणी विकल्यावर डेंपोने दोनदा लीग जिंकली. शिवाय पैसाच नव्हता म्हणावे, तर त्याच घराण्याचे श्रीनिवास डेंपो यांनी दत्तराज साळगावकर आणि व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत यांच्यासह २०१४ मध्ये एफसी गोवा उभा केला. हा मुद्दा माझ्याच युक्तिवादाला टोचणारा आहे. बंद लीगमध्ये ज्यांनी स्वतः भागीदारी घेतली, त्यांच्या जुन्या क्लबासाठी अश्रू का ढाळायचे? मालकांसाठी ढाळू नयेत, हे मान्य. मात्र त्यातून एवढेच कळते की पैसा होता आणि तो सुरक्षित जागा शोधत गेला. जिथे हरल्याची किंमत मोजावी लागत नाही तिथे भांडवल जाणारच. तो भांडवलाचा दोष म्हणण्यापेक्षा अशी जागा निर्माण करणाऱ्याचा म्हणावा.

याला बंद लीगच्या समर्थकांचे उत्तर असे की भारतात फुटबॉलमध्ये कोणी पैसा घालायला तयार नव्हता. घसरण्याची टांगती तलवार ठेवली असती तर कोणी आलेच नसते. आणि अमेरिकेत बंद लीगा उत्तम चालतात. यातला पहिला भाग मी हसण्यावारी नेणार नाही. इंडियन सुपर लीगने मैदाने सुधारली, दूरचित्रवाणीवर सामने बरे दिसू लागले, खेळाडूंचे मानधन वाढले. डेंपोच्या मुलांनाही त्याचा लाभ झालाच. पण ‘सुरक्षितता दिली की क्लब टिकतात’ हे जे गृहीत आहे, त्याची परीक्षा महाराष्ट्रात झाली आहे आणि निकाल नापासाचा आहे. महिंद्रा युनायटेडने २०१० मध्ये संघ बंद केला, तो लीग जिंकलेला संघ होता. पुण्यात पाहा. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी एकदा लीगमध्ये दुसरा आलेला, २०१५ मध्ये संपला. भारत एफसी संपला. डीएसके शिवाजियन्स संपला. सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. एका शहरातले चार व्यावसायिक क्लब पाच वर्षांत नाहीसे झाले आणि चौघांपैकी एकाचीही पदावनती झालेली नव्हती. त्यातल्या तिघांना तर ती होऊच शकत नाही अशी हमी मिळाली होती. मालकाच्या ताळेबंदावर जगणारा क्लब मालकाचा विचार बदलला की जातो. क्रमवारीशी त्याचा संबंध नसतो. अमेरिकेचे म्हणाल तर तिथे शाळा-महाविद्यालयांपासून खेळाचा पाया भरलेला आहे आणि तळाच्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला हक्क मिळतो. आपण त्यातले फक्त कुंपण उचलले.

प्रेक्षकांचा मुद्दाही निघतो: डेंपोच्या सामन्यांना फातोर्ड्यावर शेकड्यांनी माणसे यायची, एफसी गोवाला हजारोंनी आली, मग लोकांनी निवड केलीच की. लोकांनी नव्या झगमगाटाची निवड केली हे खरे, पण त्यांना दोन्हींपैकी एकाचीच जाहिरात दिसत होती. आणि गोव्यात क्लब टिकवणारी माणसे तिकिटाच्या रांगेत नसतात. ती धुळेरच्या मैदानापासून गावच्या चर्चसमोरच्या आणि देवळामागच्या मैदानांवर मुलांना घेऊन उभी असतात. डेंपोने राष्ट्रीय लीग सोडली तरी जुन्या गोव्याजवळच्या एला इथली अकादमी सोडली नाही, गोव्याची प्रोफेशनल लीग सोडली नाही. हे काम कंटाळवाणे आहे, त्यावर मथळे होत नाहीत.

म्हणूनच २०२४ मध्ये समीर नाईक यांच्या प्रशिक्षणाखाली डेंपो पुन्हा आय-लीगमध्ये आला, तो खेळून आला. दरम्यान नियमही थोडे हलले होते. २०१९ च्या आराखड्यात आय-लीगच्या विजेत्याला वरचे दार उघडायचे ठरले. पंजाब आणि मग मोहम्मेडन त्या दाराने गेले. २०२४-२५ पासून वरच्या लीगमध्ये पदावनतीही सुरू करण्याची शिफारस त्याच आराखड्यात होती. तो हंगाम आला, मोहम्मेडन तळाला राहिला आणि खाली कोणीही गेले नाही. खालच्या विभागात मात्र त्याच हंगामात घसरणाऱ्यांना घसरावे लागले. २०२५ च्या ऑक्टोबरात सुपर कपसाठी डेंपोला जागा मिळाली. एकही परदेशी खेळाडू नसलेल्या या संघाने ईस्ट बंगालला २-२ आणि मोहन बागानला ०-० असे रोखले. दोन सामन्यांवरून कोण कुठल्या लायकीचा हे ठरत नाही, असे कोलकात्याचे चाहते म्हणाले असतील तर बरोबरच म्हणाले. ते ठरवायला हंगामभराची लीग लागते, तळाच्या जागेसकट.