पडद्यावरची वीण

दूरचित्रवाणीवरील एखाद्या मालिकेवर जीव जडलेल्या आणि त्या ओढीतून एकमेकांशी जोडल्या गेलेल्या प्रेक्षकसमूहाला आता मराठीतही ‘फॅन्डम’ म्हणू लागले आहेत. असे चाहते मालिकेतील पात्रांवर नव्या कथा लिहितात, चित्रे काढतात, त्यांच्यासारखा पोशाख करून मेळाव्यांना जातात, आणि या साऱ्याची दखल माध्यमांच्या अभ्यासकांनी पुष्कळ घेतली आहे. त्या मानाने लोकरीचे विणकाम आणि क्रॉसस्टिच यांच्याकडे फारसे कोणी वळून पाहिलेले नाही, आणि हे दुर्लक्ष अन्यायाचे आहे, कारण पडद्यावरील वस्तू इतक्या बारकाईने पाहण्याची वेळ दुसऱ्या चाहत्यांवर क्वचितच येते. नायकाच्या मफलरमध्ये जांभळ्या पट्ट्याच्या ओळी आठ आहेत की दहा, हे कथा लिहिणाऱ्याला ठाऊक नसले तरी चालते. विणणाऱ्याला मात्र ते ठरवल्यावाचून पुढची सुई उचलता येत नाही.

या कामाचे सर्वांत ठळक उदाहरण ब्रिटनमधील आहे. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथा मालिका सुरू झाली. तिचा नायक काळातून आणि अवकाशातून भटकणारा परग्रहवासी असून मरणाच्या दारी पोहोचला की तो नवे शरीर धारण करतो, त्यामुळे नट बदलला तरी मालिका चालू राहू शकते. १९७४ मध्ये टॉम बेकर हा नट चौथा डॉक्टर म्हणून पडद्यावर आला, तेव्हा त्याची वेशभूषा जेम्स अ‍ॅचेसन यांच्याकडे होती. पुढे ‘द लास्ट एम्परर’सह तीन चित्रपटांसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या या वेशभूषाकाराच्या डोळ्यांसमोर फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेक याने काढलेली पोस्टरे होती, ज्यांत पॅरिसचा गायक आरिस्तीद ब्र्युआँ रुंद कडांची काळी टोपी आणि लाल मफलर अशा थाटात उभा आहे. अ‍ॅचेसन यांनी निरनिराळ्या रंगांची भरपूर लोकर आणून ती बेगोनिया पोप या विणकाम करणाऱ्या बाईंच्या हवाली केली. त्यातली लागेल तेवढीच वापरावी असा त्यांचा हेतू होता. पोपबाईंनी मात्र हाती आलेली सगळी लोकर विणून टाकली. गळ्याभोवती वेढे घेऊनही दोन्ही टोके जमिनीकडे लोंबतील असा तो मफलर पाहिल्यावर तो कापून आखूड करण्याऐवजी तसाच ठेवण्याचा निर्णय झाला, आणि मालिकेच्या सबंध इतिहासात इतकी ओळखीची वस्तू दुसरी फारशी झाली नाही. ‘द सॉन्टारन एक्स्पेरिमेंट’ या कथेच्या चित्रीकरणात डार्टमूरच्या माळावर बेकर पडला आणि त्याचे गळपट्टीचे हाड मोडले, तेव्हा त्याच्या गळ्याला दिलेला आधार प्रेक्षकांच्या नजरेआड ठेवण्याचे कामही याच मफलरने केले.

हा मफलर घराघरांत विणला जाण्याचे कारण जितके नायकाच्या लोकप्रियतेत आहे तितकेच त्याच्या विणीत आहे. विणकामाचे मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट; एक ओळ (विणणाऱ्या बायकांच्या भाषेत एक सुई) सुलट आणि दुसरी उलट विणली तर कापडाची एक बाजू गुळगुळीत व दुसरी खरबरीत होते आणि त्याच्या कडा आत वळू लागतात, परंतु प्रत्येक ओळ सुलटच विणली तर दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कडा सपाट राहतात आणि कापड जाड व लवचीक होते. डॉक्टरचा मफलर असा सगळाच्या सगळा सुलट विणीचा आहे. ज्या व्यक्तीने कालच सुया हातात घेतल्या तिलाही तो साधतो. मोठा असतो तो चिकाटीचा भाग. प्रचलित नमुन्यांत साधारणपणे चार मिलिमीटर जाडीच्या सुयांवर साठ टाके घातले जातात आणि मग आठ ओळी जांभळ्या, बावन्न उंटाच्या रंगाच्या, सोळा काशाच्या रंगाच्या, दहा मोहरीच्या रंगाच्या, असा पट्ट्यांचा क्रम सुरू होतो. पट्टे समान रुंदीचे नाहीत आणि रंगांचा क्रमही ठरावीक अंतराने पुन्हा येत नाही, त्यामुळे तो पाठ होत नाही आणि हातातला कागद खाली ठेवता येत नाही. शिवाय सुलट वीण स्वतःच्या वजनाने ताणली जाते, म्हणून विणताना योग्य वाटलेली लांबी काही महिने वापरल्यावर वाढलेली आढळते; अनुभवी विणकर तेवढी सूट आधीच धरून चालतात.

अडचण रंगांची आहे. त्या काळी स्टुडिओतील दृश्ये व्हिडिओ टेपवर आणि बाहेरची दृश्ये बहुधा फिल्मवर घेतली जात, आणि दोन्हींवर एकच लोकर वेगळी दिसते. एका दृश्यात तपकिरी भासणारा पट्टा दुसऱ्यात गंजाच्या रंगाचा वाटतो. त्यात मूळ मफलरची डागडुजी होत गेली, त्याच्या प्रती विणल्या गेल्या आणि १९८० मध्ये जून हडसन या वेशभूषाकार बाईंनी संपूर्ण पोशाखच किरमिजी छटांत बदलला तेव्हा मफलरही नवा आला. त्यामुळे जाणकार चाहते ‘डॉक्टरचा मफलर’ असे मोघम न म्हणता बाराव्या (बेकरच्या पहिल्या) पर्वाचा की अठराव्या (किरमिजी पोशाखाच्या) पर्वाचा, असे विचारतात. उपलब्ध छायाचित्रांवरून ओळी मोजून, प्रत्येक पर्वातील बदल नोंदवून, कोणत्या कंपनीच्या लोकरीची कोणती छटा मूळ रंगाच्या सर्वांत जवळ जाते याची कोष्टके या मंडळींनी तयार केली आहेत. हस्तलिखितांच्या प्रती ताडून पाहणाऱ्या संशोधकाची शिस्त या कामात आहे, आणि ते बहुतांशी विनामूल्य वाटले गेले आहे, ही गोष्ट आदराने नोंदवण्याजोगी आहे. महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या स्त्रियांना यात परके काही वाटू नये. बसमध्ये पुढच्या बाकावरच्या बाईच्या अंगातला स्वेटर पाहून वीण उचलायची आणि घरी येऊन सुयांवर उतरवायची, ही विद्या त्यांच्याकडे होतीच.

मफलरपेक्षा अवघड रचनाही याच मालिकेने विणकरांना दिल्या. डिसेंबर १९६३ मध्ये प्रथम दिसलेले ‘डॅलेक’ हे शत्रू म्हणजे चिलखतासारख्या यंत्रात राहणारे प्राणी असून त्या यंत्राच्या घेरदार खालच्या भागावर अर्धगोलांच्या रांगा असतात. लोकरीत हे अर्धगोल आणायचे तर एकाच टाक्यात पाच-सहा टाके वाढवून, तेवढ्यावरच मागे-पुढे दोन-चार ओळी विणून, ते पुन्हा एका टाक्यात मिटवावे लागतात; वाढलेल्या विणीला पसरायला जागा नसल्यामुळे ती फुगून वर येते आणि कापडावर लोकरीचे बोंड उभे राहते. याहून चतुर युक्ती ‘इल्यूजन’ म्हणजे आभासी विणीची आहे. तिच्यात गडद आणि फिक्या रंगाच्या दोन-दोन ओळी आलटून पालटून विणतात. प्रत्येक जोडीतील पहिली ओळ पुढच्या बाजूने सुलट असते, आणि दुसऱ्या, म्हणजे मागच्या बाजूच्या ओळीत जेथे सुलट टाका घ्यावा तेथे पुढच्या बाजूला उंचवटा येतो, उलट टाका घ्यावा तेथे कापड सपाट राहते. चित्रात जेथे गडद रंग हवा तेथे गडद ओळीला उंचवटा देऊन फिकी ओळ सपाट ठेवली, की समोरून पाहणाऱ्याला फक्त आडवे पट्टे दिसतात; तिरक्या नजरेने पाहिले की सपाट ओळी उंचवट्यांच्या आड जातात आणि पट्ट्यांतून डॅलेकची आकृती प्रकट होते. बघणाऱ्याने जागा बदलली तरच शत्रू दिसावा, हे त्या मालिकेला किती साजेसे आहे!

क्रॉसस्टिचचे तर्कशास्त्र वेगळे आहे. विणकामात कापडच टाक्याटाक्याने निर्माण होते. क्रॉसस्टिचमध्ये कापड आधीच तयार असते आणि त्याच्या चौकटीदार विणीवर दोन तिरके टाके एकमेकांवर टाकून फुली केली जाते. महाराष्ट्रात मॅटीच्या कापडावर गणपती, मोर आणि दाराची तोरणे ज्या टाक्याने भरली गेली तोच हा टाका, आणि परदेशात त्यासाठी मॅटीसारखेच, पण मोजून विणलेले ‘आयडा’ नावाचे कापड वापरतात. एका इंचात चौदा चौकोन येणारे आयडा सर्वांत प्रचलित असून त्यावर भरताना सहा पदरी दोऱ्यातील दोन पदर घेतात. या मापाने दहा इंच लांब-रुंद चित्र पूर्ण भरायचे झाले तर १९,६०० फुल्या पडतात, आणि प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेला झुकलेला असावा लागतो, नाहीतर उजेड वेगवेगळा परावर्तित होऊन भरलेला भाग डागाळल्यासारखा दिसतो.

चौकोनांनी चित्र रचण्याची ही रीत संगणकाच्या आणि दूरचित्रवाणीच्या पडद्याला जवळची आहे, कारण तेथेही चित्र ठिपक्यांचेच बनते. चाहत्यांनी त्यातून एक स्वतंत्र शैली घडवली, जिच्यात एखाद्या मालिकेतील सगळी पात्रे वीस-पंचवीस फुल्यांच्या उंचीत, एका रांगेत उभी भरली जातात. एवढ्या जागेत नाक-डोळे येत नाहीत. पात्र ओळखू यायचे ते केसांच्या ठेवणीवरून, अंगरख्याच्या रंगावरून आणि हातातील एखाद्या वस्तूवरून. १९६६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेला ही शैली उत्तम मानवते, कारण तिच्यातील अवकाशजहाजावर आज्ञा देणाऱ्यांचा गणवेश सोनेरी, वैज्ञानिकांचा निळा आणि अभियंते व पहारेकऱ्यांचा लाल अशी वाटणी मुळातच केलेली होती. स्पॉक या पात्राच्या अणकुचीदार कानासाठी चौकोनाच्या एका कोपऱ्यापासून मध्यापर्यंतचा पाव टाका पुरतो. काय गाळले तरी पात्र उरते, हा निर्णय भरणाऱ्याला घ्यावा लागतो, आणि चांगल्या नमुन्यांत तो इतका अचूक असतो की वेशभूषाकाराने मूळ पोशाखात काय साधले होते ते त्या पंचवीस फुल्यांतून स्पष्ट कळते.

पात्रांच्या तोंडची गाजलेली वाक्ये वेलबुट्टीच्या चौकटीत भरण्याची प्रथाही रूढ आहे. तिचे मूळ युरोपातील ‘सॅम्प्लर’मध्ये, म्हणजे टाके शिकताना आणि जतन करताना भरलेल्या नमुन्याच्या कापडात सापडते. ज्यावर तारीख भरलेली आहे असा सर्वांत जुना ज्ञात इंग्रजी सॅम्प्लर जेन बोस्टॉक हिचा, १५९८ सालचा असून तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पुढच्या शतकांत मुलींकडून अशा कापडावर मुळाक्षरे आणि धर्मवचने भरून घेतली जात. आजची भरणारी व्यक्ती मजकूर स्वतः निवडते, हा फरक लहान नाही.

कधी विणीची वस्तू मालिकेपेक्षा मोठी होते. २००७ मध्ये डेन्मार्कच्या डीआर वाहिनीवर आलेल्या ‘फोर्ब्रुडेल्सन’ या गुन्हेकथेत सोफी ग्रोबोल हिने साकारलेली पोलीस अधिकारी सारा लुंड भाग लोटले तरी एकाच प्रकारचा, पांढऱ्या-काळ्या नक्षीचा लोकरी स्वेटर घालून वावरते. तो फेरो बेटांवरील ‘गुद्रून अँड गुद्रून’ या लहानशा व्यवसायाचा, हाताने विणलेला होता. २०११ मध्ये मालिका बीबीसी फोरवर दाखवली गेली तेव्हा ब्रिटनमधील विणकरांनी त्या नक्षीचे आलेख कागदावर उतरवायला घेतले. मेंढपाळांच्या बेटांवरील पारंपरिक विणीला अशा रीतीने एका गुन्हेकथेमुळे देशोदेशी हात मिळाले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘आउटलँडर’ या मालिकेने अठराव्या शतकातील स्कॉटलंडच्या पार्श्वभूमीवर नायिकेला जाडजूड लोकरीचे गळपट्टे आणि शाली दिल्या, आणि त्यांच्याही प्रतिकृती भराभर विणल्या गेल्या. त्या काळचे स्कॉटिश विणकाम मुख्यतः बारीक सुताच्या मोज्यांचे होते, ॲबर्डीनहून असे मोजे परदेशी जात. म्हणून इतिहास म्हणून या शाली स्वीकारता येत नाहीत, पण जाड लोकर आणि मोठ्या सुयांमुळे चार संध्याकाळींत हातावेगळे होणारे काम म्हणून त्यांची लोकप्रियता समजण्यासारखी आहे.

या साऱ्यावर मालकी कोणाची, हा प्रश्न उशिरा पण जोरात पुढे आला. साधारण नियम असा की टाका, वीण किंवा विणण्याची रीत कोणाच्या मालकीची नसते. मात्र पात्राची विशिष्ट आकृती आणि नाव यांवर निर्मात्याचा हक्क असू शकतो. २००८ मध्ये ‘डॉक्टर हू’तील ऊड आणि अ‍ॅडिपोज या जीवांच्या बाहुल्यांचे नमुने एका विणकर स्त्रीने विनामूल्य प्रसिद्ध केले होते, त्यावरून कोणीतरी तयार बाहुल्या विकायला काढल्यावर बीबीसीने ते नमुने मागे घ्यायला सांगितले आणि ब्रिटनमधील डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या ओपन राइट्स ग्रुपने त्या स्त्रीची बाजू उचलून धरली. विक्रीसाठी विणणे आणि हौसेने विणणे यांत भेद करायला हवा होता, आणि तो न केल्यामुळे मालिकेवर निरपेक्ष प्रेम करणारी व्यक्तीच दोषी ठरली.

अमेरिकेतील ‘फायरफ्लाय’चे प्रकरण याहून जिव्हारी लागणारे आहे. २००२ मध्ये फॉक्स वाहिनीने ही मालिका चौदापैकी अकराच भाग दाखवून बंद केली. न दाखवलेल्या तीन भागांपैकी ‘द मेसेज’ या भागात जेन कॉब या दांडगट पात्राला आईने स्वतः विणलेली, नारिंगी-पिवळी, डोक्यावर गोंडा असलेली कानटोपी टपालाने येते आणि तो ती अभिमानाने लगेच डोक्यावर चढवतो. डीव्हीडीमुळे हा भाग लोकांपर्यंत पोहोचला आणि ती कानटोपी चाहत्यांची खूण बनली. वर्षानुवर्षे घरोघरी ती विणली गेली आणि इंटरनेटवरील हस्तकलेच्या बाजारात थोडीबहुत विकलीही गेली. २०१३ मध्ये फॉक्सकडून परवाना घेतलेल्या एका कंपनीची टोपी बाजारात आली आणि हाताने विणून विकणाऱ्यांना विक्री थांबवण्याच्या नोटिसा मिळाल्या. कथेत त्या टोपीचे सारे मोल आईच्या हातच्या ओबडधोबड विणीत होते. बाजारात मात्र कंपनीचा माल अधिकृत ठरला आणि हातची वीण अनधिकृत. चाहत्यांचा संताप इतका होता की ती परवानाधारक टोपी विकणाऱ्या ‘थिंकगीक’ या दुकानाने तिच्यावरील नफा चाहत्यांच्याच ‘कान्ट स्टॉप द सेरेनिटी’ या मदतनिधी उपक्रमाला देण्याचे जाहीर केले.